एकोणतिसाव्या पानाखालची कोरी जागा

१

मार्चच्या संचालक बैठकीच्या फाइलमधून दोन पानं गेली होती, आणि त्या दोन पानांवर खजिना विभागातल्या जुरेमाची नोकरी अडकली होती.

अध्यक्ष ओतासीलियो यांनी मला ऑगस्टमध्ये बोलावलं. मी वाल्दोमिरो. साओ पावलोतल्या काझा मान्सा या बांधकाम कंपनीत एकतीस वर्षं मोजणीचं काम केलं. दर महिन्याला साइटवर जायचं, किती मजले चढले, किती भिंती झाल्या ते फीत लावून मोजायचं आणि लिहायचं. निवृत्त झाल्यावर लहान शेअरधारकांनी मला देखरेख समितीवर निवडून दिलं. मला ताळेबंद फारसा कळतो म्हणून नव्हे. माझ्या मोजणीत कधी कुणाला एक वीट वाढवता आली नाही म्हणून.

माझी बायको दाल्वा त्याच कंपनीत संचालक मंडळाची सचिव होती. ती मे महिन्यात गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग. एप्रिलमध्ये कळलं आणि मेमध्ये ती नव्हती.

"बस वाल्दोमिरो," म्हातारा म्हणाला. "जेवतोस का नीट?"

"डाळ-भात करतो, साहेब. खातो."

"मग ऐक. मार्चमध्ये आपण बायबॅक केलं. आपलेच शेअर बाजारातून उचलले. भाव चढला, सगळे खूश. आता घरं खपत नाहीत, बँक हात वर करते आणि ओझास्कोची इमारत अकराव्या मजल्यावर थांबलीय. घरासाठी पैसे भरलेली दोनशे कुटुंबं दारात उभी आहेत. मी खजिना विभागाला विचारलं, तुम्ही तेव्हा का नाही बोललात? ती जुरेमा म्हणते, बोलले होते. लेखी. दोन पानं."

"आणि फाइलमध्ये?"

"काही नाही. एक तर पोरगी खोटं बोलतेय, नाही तर माझ्या घरात चोर आहे. शुक्रवारच्या बैठकीत मला नाव हवं. कुणाचंही असो."

२

जुरेमा चौतिसाची. वडील ओझास्कोतच गवंडी होते. तिने मला खुर्ची दिली नाही, मीच ओढून घेतली.

"काय लिहिलं होतंस?"

"तुम्हाला कळेल असं सांगते, काका. बांधकाम कंपनीची रोकड म्हणजे उद्याचं सिमेंट असतं. मी लिहिलं होतं, प्रत्येक चालू इमारतीचा सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा. मग उरलं तर खुशाल शेअर घ्या. विक्री मंदावली तर पहिला दणका ओझास्कोला बसेल, हेही लिहिलं होतं. नाव घालून."

"त्याची प्रत?"

"कशी असेल? बायबॅकची बातमी फुटू नये म्हणून त्या बैठकीचे कागद सचिवांच्या खोलीतल्या एकाच यंत्रावर टाइप होत होते. बैठकीनंतर सगळं पुसून टाकलं. नियमच होता. मी छापलं आणि तिथेच डोना दाल्वांच्या हातात दिलं. अकरा मार्च, सकाळी अकरा. बैठकीच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे आवक वहीत तुझी सही असणार."

तिने नजर टेबलाकडे वळवली. मग म्हणाली, "त्या म्हणाल्या, घाई आहे पोरी, सही नंतर कर. नंतर मी विसरले."

माझा विश्वास बसला नाही. दाल्वाची आवक वही सगळ्या कंपनीला माहीत होती. फळवाल्याचं बिल आलं तरी तिच्या वहीत सही केल्याशिवाय तो माणूस जिना उतरू शकत नसे.

"कुणी मुद्दाम काढलं असेल तर कुणी?" मी विचारलं.

"ज्याला भाव चढायला हवा होता त्याने. माझ्या तोंडून नाव कशाला वदवता? चहा-कॉफीवाल्या डोना झेफांना विचारा. त्या दिवशी दुपारी वर कोण गेलं होतं, ते त्यांनी पाहिलंय."

३

डोना झेफा पंचवीस वर्षं त्या मजल्यावर कॉफी देते. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती थर्मास धूत होती.

"मोजायला आलास? किती कप फुटले ते मोज आधी."

"झेफा, अकरा मार्चच्या दुपारी सचिवांच्या खोलीत कोण गेलं होतं?"

"जावईबापू." तिने मान न वळवताच सांगितलं. "दाल्वा जेवायला उठली होती. हा आत गेला, बाहेर आला, आणि दोन कागद घडी करून कोटात घातले. माझ्याकडे बघून हसला. मला बघून हा माणूस हसतो तो फक्त काही लपवायचं असेल तेव्हा."

जावईबापू म्हणजे गास्पार, अध्यक्षांचा जावई आणि वित्त संचालक. बायबॅकची कल्पना त्याचीच.

दोन कागद. मी सरळ त्याच्या खोलीत गेलो.

"गास्पारसाहेब, अकरा मार्चला कोटात काय घातलंत?"

तो आधी चिडला. मग लाल झाला. मग उठून दार लावलं.

"सासऱ्यांना सांगणार?"

"तुम्ही काय सांगता त्यावर आहे."

त्याने खण उघडून दोन कागद माझ्यापुढे टाकले. त्याच यंत्रावर छापलेले होते. शेअर इतका चढला तर आपला बक्षीस-भत्ता किती, तितका चढला तर किती, असा त्याने स्वतःच मांडलेला हिशोब. छापताना एक प्रत यंत्रात अडकली होती, ती आणायला गेला होता. खाली त्याच दिवसाची तारीख, दुपारी साडेबारा.

"फाडून का नाही टाकलंत?"

"आकडे आवडले होते हो," तो म्हणाला आणि मान खाली घातली. "हावरट म्हणा मला. पण चोर नाही. जुरेमा विरोधात लिहिणार हे मला ठाऊक होतं. बैठकीत उत्तर द्यायची तयारीही करून गेलो होतो. कागद आलाच नाही. मला वाटलं, पोरगी कचरली."

४

कंपनीचे वकील निवाल्दो यांचं म्हणणं सरळ होतं. फाइल दुपारनंतर कुलूपबंद कपाटात होती, किल्ली फक्त सचिवांकडे. आत काही गेलंच नसेल तर चोरी कसली?

मी आवक वही मागवली. अकरा मार्चचं पान उघडलं. दाल्वाचं अक्षर पाहिलं आणि थोडा वेळ मला काही वाचताच आलं नाही. मग वाचलं. नऊ नोंदी होत्या. वकिलांचा मसुदा. बँकेचं पत्र. एका संचालकाचा विसरलेला चष्मा, तोसुद्धा सहीनिशी. खजिना विभागाचं काही नाही.

माझ्यापुढे एकीकडे जुरेमाचा शब्द होता आणि दुसरीकडे दाल्वाची वही. मी किती वेळ विचार केला म्हणाल तर जराही नाही.

त्याच दुपारी मी अध्यक्षांना सांगितलं, "कागद दिलाच नव्हता, साहेब. दाल्वाच्या वहीत नाही म्हणजे नाही."

जुरेमाला घरी बसायला सांगितलं गेलं. शुक्रवारी तिला दोषी ठरवून काढणार होते. खजिन्यावरून खोटं बोलल्याचा शिक्का बसला की या शहरात कुणी तिला पैशाजवळ उभं करणार नव्हतं. ती खोकं घेऊन लिफ्टपाशी उभी होती.

"काका, तुम्ही तर मोजून बोलता ना?" तिने विचारलं. "काय मोजलंत?"

लिफ्ट आली आणि ती गेली.

५

गुरुवारी सकाळी मी अहवाल लिहायला बसलो. सोबत मार्चच्या फाइलचं शेवटचं पान जोडायचं होतं, एकोणतिसावं. जोडताना मी ते सवयीने उभं-आडवं पाहिलं. साइटवर भिंत पाहतात तसं.

पान अर्धं कोरं होतं.

आमच्याकडे कागदाच्या शेवटी कोरी जागा ठेवत नाहीत. मागाहून कुणी ओळ घुसवेल म्हणून शेवटच्या पानावर मजकुराखाली तिरकी रेघ मारतात आणि 'कोरे' असं लिहितात. दाल्वा तर घरच्या वाणसामानाच्या यादीखालीही रेघ मारायची. मी हसायचो.

मी फेब्रुवारीची फाइल काढली. शेवटच्या पानावर रेघ. जानेवारी, रेघ. मागची सहा वर्षं काढली. प्रत्येक फाइलच्या शेवटच्या पानावर रेघ होती, आणि फक्त शेवटच्याच. मार्चच्या एकोणतिसाव्या पानावर रेघ नव्हती.

म्हणजे दाल्वाने आदल्या संध्याकाळी पानांवर आकडे घातले तेव्हा एकोणतीस हे शेवटचं पान नव्हतं. पुढे काहीतरी होतं. जुरेमाने कागद दिला होता.

मला आधी बरं वाटलं. कुणीतरी कपाट उघडून चोरी केली, असं मी स्वतःला सांगितलं. तीन माणसं डोळ्यांपुढे आणली. मग मार्चच्या बैठकीचं इतिवृत्त उघडलं. आमच्या बैठकीत सचिव सुरुवातीला उभी राहते आणि पानांची संख्या मोठ्याने सांगते. सगळे आपापली प्रत चाळून होकार देतात. तो आकडा इतिवृत्तात येतो.

इतिवृत्तात लिहिलं होतं : पाने एकोणतीस.

चोराने रात्रीत पानं नेली असती तर सकाळी दाल्वाने एकतीस म्हटलं असतं, आणि प्रती अपुऱ्या दिसल्या असत्या तर तिने सगळा मजला डोक्यावर घेतला असता. आपण किती आकडे घातले हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिने उभं राहून एकोणतीस म्हटलं होतं.

मी अहवाल लिहिणं थांबवलं.

६

झेफा बुधवारच्या उरलेल्या फेजोआदाचं, काळ्या घेवड्याच्या रश्शाचं, भांडं घासत होती. मी दारात उभा राहिलो.

"झेफा, मार्चमध्ये दाल्वा कशी होती?"

तिने भांडं खाली ठेवलं. या वेळी टोमणा नव्हता.

"तू कधीतरी विचारशील असं वाटलं होतं. रोज दोनदा गरम पाणी मागायची, गोळी घ्यायला. मी म्हटलं, दाल्वा, नवऱ्याला सांग. म्हणाली, सांगेन, आधी त्याची सोय करते."

"मार्चमध्ये? आम्हाला तर एप्रिलमध्ये कळलं."

"तुला एप्रिलमध्ये कळलं. तिला फेब्रुवारीत."

"कसली सोय?"

"ते मला कसं माहीत असणार? मी कॉफी करते." मग हळू म्हणाली, "त्या बैठकीच्या दिवशी सकाळी ती इथे उभी होती, हातात कागद घेऊन. मी विचारलं, काय गं? म्हणाली, झेफा, तू कधी चांगल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवलायस का? मी म्हटलं, नवऱ्याच्या ठेवलाय, घोरतो म्हणून. हसली. पण डोळे भरले होते."

मी घरी गेलो. कंपनीने वर्षानुवर्षं कामगारांना दिलेले शेअर आमच्या दोघांच्या नावावर होते. एप्रिलमध्ये, भाव सगळ्यात वर असताना, दाल्वाने ते विकले. मी सही केली होती. पैशांतून घरावरचं कर्ज फिटलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, "नशीबवान आहेस." तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला ते दिसलं होतं. का पाहिलं नाही हे मी विचारलं नाही, कारण घर मोकळं झालं होतं आणि मला बरं वाटत होतं.

७

तिने काय केलं ते कळलं होतं, पण पुरावा म्हणून माझ्याकडे एक न मारलेली रेघ होती. तेवढ्यावर जुरेमा सुटली नसती. वकिलांनी म्हटलं असतं, आजारी बाई होती, रेघ मारायची विसरली.

पानं हवी होती. आणि दाल्वाने ती फाडली नसणार. आयुष्यभर कागद सांभाळलेली बाई. घरी विजेची जुनी बिलं मी फेकली तरी ती उचलून परत खणात ठेवायची. तिने ती ठेवली असणार, आणि जिथे त्यांची जागा तिथेच. दुसरीकडे कागद ठेवणं तिला जमत नसे.

कंपनीचं जुनं दप्तर लापा भागातल्या एका तळघरात असतं. तिथे संचालक बैठकांचे खोके वेगळे आणि इमारतींचे वेगळे. बैठकीतून काढलेला कागद बैठकीच्या खोक्यात जाणार नाही. मग तो कशाबद्दल होता? ओझास्कोच्या इमारतीबद्दल. जुरेमाने नाव घालून लिहिलं होतं.

ओझास्कोचा चौथा खोका उघडला. सिमेंटच्या करारांमागे एक पाकीट होतं. आत तीच दोन पानं, मूळ आणि पाच प्रती. वर शिक्का : मिळाले, ११ मार्च. खाली कोपऱ्यात तिच्या अक्षरात ३० आणि ३१. एकतिसाव्या पानाखाली तिरकी रेघ.

मी तिथेच खोक्यावर बसलो. सकाळी तिने वहीत नोंद टाळली. संध्याकाळी मन फिरलं, आकडे घातले, रेघ मारली, प्रती काढल्या. आणि बैठकीच्या सकाळी पुन्हा फिरलं. मी तिला दोष द्यायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. मग माफ करायचा प्रयत्न केला. तेही जमलं नाही. जुरेमा लिफ्टपाशी खोकं घेऊन उभी होती तेच दिसत राहिलं.

८

शुक्रवारी मी पाकीट टेबलावर ठेवलं. अध्यक्ष, गास्पार, वकील आणि बाकी तिघे संचालक. जुरेमा शेवटच्या खुर्चीत, अंगावरचा कोट तसाच.

वकिलांनी शिक्का पाहिला, आकडे पाहिले. ते हुशार माणूस. एका मिनिटात त्यांना सगळं कळलं.

"वाल्दोमिरो," ते मऊ आवाजात म्हणाले, "कागद सापडला, उत्तम. दप्तरात चुकून गेला असं लिहू. नाव कशाला घ्यायचं? ती बिचारी गेली."

"चुकून कुणाकडून गेला असं लिहिणार, वकीलसाहेब?"

"कार्यालयाकडून."

"म्हणजे उद्या लोक म्हणणार, जुरेमानेच चुकीच्या खोक्यात टाकला."

अध्यक्ष टेबलाकडे बघत होते. दाल्वाने त्यांच्याकडे एकोणतीस वर्षं काम केलं होतं. अंत्यविधीला ते काठी टेकत आले होते.

मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. मी सांगितलं, दाल्वाने हा कागद घेतला, आकडे घातले आणि काढून ठेवला. भाव चढावा म्हणून. आमचे शेअर होते. ते आम्ही एप्रिलमध्ये विकले, सही माझी आहे. तिला आजार फेब्रुवारीत कळला होता. मला यातलं ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नाही. आणि बुधवारी मी या पोरीला खोटारडी ठरवलं, कारण मला माझ्या बायकोची वही पुरेशी वाटली. विकलेल्या शेअरवर जेवढं जास्तीचं मिळालं ते मी कंपनीला परत करतो. घर पुन्हा गहाण ठेवेन.

"अहो, त्या पैशाने काय होणार?" गास्पार म्हणाला. "ओझास्कोचा एक मजलाही चढायचा नाही."

"माहीत आहे. मी मजलेच मोजत होतो."

अध्यक्ष म्हणाले, "जुरेमा, बैठक संपली की कामाला लाग. आणि ही दोन पानं आज वाचून दाखव. सगळी."

तिने वाचली. इतकी साधी होती की मलाही कळली. मध्येच एका संचालकाने खिडकीकडे तोंड वळवलं.

बैठक संपल्यावर मी तिच्यापाशी गेलो. "माझं चुकलं, जुरेमा."

"हे तोंडी नको, काका. तोंडी मीही बरंच बोलले होते. लिहून द्या."

मी तिथेच बसून लिहिलं. सहा ओळी. तिने उभ्याने वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं : माझ्या दिवंगत पत्नीकडून चूक झाली.

"चूक नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चूक माझ्या वडिलांकडून व्हायची, तेव्हा भिंत पाडून पुन्हा बांधायचे. डोना दाल्वांवर माझा जीव होता. मी त्यांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले, तर त्यांनी मला ओळखलं नाही असं दाखवलं. मी समजले, दुखतंय म्हणून. घरी येऊन रडले. जे केलं ते लिहा."

मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा घेतला. पेन काही वेळ चालेना. ती शेजारी उभी राहिली. घाई केली नाही, मदतही केली नाही.

मग मी लिहिलं : माझी पत्नी दाल्वा हिने हा कागद जाणूनबुजून दडवला. त्या पैशावर माझं घर उभं आहे.

तिने वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि कामाला खाली गेली.